कानामागची गाठ : माथेरानच्या एका घोड्याच्या लगामाचं प्रकरण

तक्रार तोंडाची होती.

"मॅडम, याचं तोंड कडक झालंय. मान झटकतो, लगाम घालून घेत नाही. परवा एका पार्टीच्या पोराला पाडता पाडता राहिला. पोरगं पडलं असतं तर माझं लायसन गेलं असतं."

हे सांगणारे मामा माथेरानचे. साठीच्या आतबाहेर वय, दोन घोडे, आणि अर्धं आयुष्य दस्तुरी नाका ते बाजारपेठ या अडीच-तीन किलोमीटरच्या चढावर गेलेलं. माथेरानात मोटारी दस्तुरीलाच थांबतात. तिथून पुढे पायी, मिनी ट्रेनने, पूर्वी हातरिक्षाने, अलीकडे ई-रिक्षाने, नाहीतर घोड्यावरून. त्यांना सगळं गाव मामा म्हणतं, मीही म्हणते.

मी खाली कर्जत तालुक्यात जनावरांची डॉक्टर आहे. रोजचं काम गाईम्हशींचं. घोड्यांसाठी महिन्यातून एक-दोनदा वर जाणं होतं, तेही पोटशूळ, लंगडणं किंवा चुकीची बसलेली नाल यांसाठी. लगामासाठी मला तोवर कोणी बोलावलं नव्हतं. मामांनीही लगामासाठी बोलावलं नव्हतंच म्हणा. त्यांना घोड्याला 'काहीतरी इंजेक्शन' हवं होतं.

घोडा सुलतान. कुमैत म्हणजे तांबूस तपकिरी रंगाचा, खच्ची केलेला, दातांवरून दहा-अकरा वर्षांचा, खांद्यापाशी उंची १४० सेंटीमीटरच्या आसपास. अंगापिंडाने ठीक, खुर चांगले, खाणंपिणं व्यवस्थित. स्वभावाने गरीब, असं मामा म्हणाले आणि ते खरं होतं. माझ्या पिशवीतलं गाजर त्याने विचारून घेतल्यासारखं घेतलं. मात्र मामांनी लगाम हातात घेताक्षणी मान छतापर्यंत गेली.

आधी तोंडात शोधलं

लगाम म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर येते ती तोंडातली लोखंडी कांब, जिला रेसकोर्सवाले बिट म्हणतात. ती कुठे बसते हे पुष्कळ घोडेवाल्यांनाही नीट ठाऊक नसतं. घोड्याचे पुढचे दात आणि दाढा यांच्यामध्ये एक मोकळी जागा असते, तिथे ती बसते. तिथे खालच्या जबड्याचं हाड धारेसारखं वर आलेलं असतं आणि त्यावर हिरडीचा पातळ थर, बस्स. स्वतःच्या नडगीवर नखाने दाबून पाहा, साधारण कल्पना येईल. जीभ आणि टाळू यांच्यामध्येही कांबेसाठी वेगळी जागा निसर्गाने सोडलेली नाही. तोंड मिटलं की जीभ ते सगळं भरून टाकते.

मामांनी मान झटकण्यावर जो उपाय केला होता तो सगळीकडे करतात तोच. कांब बदलून आणखी कडक घातली होती. पिळाच्या तारेची, दोन्ही बाजूंना आतून बोथट काट्यांचे फिरते मणी असलेली. बाजारात ती राजरोस मिळते. १९६५च्या भारवाहू जनावरांच्या नियमांनुसार काटे, गाठी किंवा टोकं असलेली कांब वापरायला बंदी आहे, हे मी सांगितलं तेव्हा मामांनी मला चहा विचारला. विषय बदलायची त्यांची ती पद्धत आहे.

तोंड उघडून पाहिलं. ओठाच्या डाव्या कोपऱ्यात जुनी, पुन्हा पुन्हा उघडलेली चीर. डाव्या बाजूच्या जबड्यावर काळसर निळा डाग. वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा धारदार झालेल्या, त्यामुळे गालाच्या आत ओरखडे. निदान हातात आल्यासारखं वाटलं. गुंगीचं इंजेक्शन देऊन दाढांच्या धारा कानशीने घासल्या, काटेरी कांब काढून घेतली आणि मधोमध सांधा असलेली साधी गुळगुळीत कांब दिली. पंधरा दिवस तोंडात काही घालायचं नाही, असं बजावलं. मामांचा तो हंगामाआधीचा सुस्त काळ होता, म्हणून त्यांनी ऐकलं.

पंधरा दिवसांनी तोंड स्वच्छ झालं होतं. सुलतानने मान तशीच छतापर्यंत नेली.

इथे मी चुकले होते. चूक अशी की जखम सापडली म्हणून मी शोधणं थांबवलं. डाव्या ओठाची चीर खरी होती आणि दुखतही असणार, पण घोडा चुकवत होता ते तोंड नव्हतं. दुसऱ्या वेळी मी मामांना लगाम अगदी हळू घालायला सांगितलं आणि नुसती पाहत राहिले. कांब ओठांशी आली तेव्हा सुलतानने तोंड उघडलं. जरा नाखुशीने, पण उघडलं. पट्टा कानांवरून मागे नेण्याची वेळ आली तेव्हा तो उधळला.

मग मी कानामागे हात घातला. उजव्या कानाच्या बुडाशी, मानेच्या बाजूला, रुपयाच्या नाण्याएवढी खपली, भोवती तुटके केस, आणि स्पर्शाला ऊब. डाव्या बाजूला काही नाही.

कान जिथून उगवतात तिथे कूर्चा आणि कान फिरवणारे छोटे छोटे स्नायू यांची दाटी असते. त्याच्या लगेच मागे कवटीची कड, पुढे मानेचा पहिला मणका, आणि डोकं तोलून धरणारी मानेतली जाड दोरीसारखी अस्थिबंधनं. लगामाचा सगळा भार ज्या पट्ट्यावर टांगलेला असतो तो नेमका इथून जातो. आपण तोंडाकडे पाहत राहतो, कारण ओढ तोंडाला बसते. पण कांब गालपट्ट्यांना टांगलेली आणि गालपट्ट्या डोक्यावरच्या पट्ट्याला. खाली ओढलं की वर आवळतं.

सुलतानचा डोक्यावरचा पट्टा नायलॉनचा होता, मोटारीच्या सीटबेल्टच्या जातीचा, जेमतेम दोन बोटं रुंद. कडा घासून धारदार झालेल्या. लांबी जास्त होती म्हणून मामांनी उजव्या बाजूला, कानाच्या जरा खाली, त्याला गाठ मारली होती. आणि कपाळपट्टी होती सारंगखेड्याची. लाल-पिवळे गोंडे, आरशाचे तुकडे, मधोमध पितळी चांद. मामांनी पाच वर्षांपूर्वी घोडा तिथूनच आणला, दत्तजयंतीच्या यात्रेतून, आणि ही पट्टी हौसेने सोबत घेतली. दिसायला सुरेख. सुलतानच्या कपाळाला मात्र चार बोटं आखूड.

आखूड कपाळपट्टी काय करते ते एकदा पाहिलं की विसरत नाही. ती डोक्यावरच्या पट्ट्याला दोन्ही बाजूंनी पुढे खेचते. पट्टा मागे, आपल्या जागी बसायला जातो आणि कपाळपट्टी त्याला कानांच्या बुडाशी आणून दाबते. दिवसभर.

पण मग जखम एकाच बाजूला का?

दस्तुरीवर दोन तास

याचं उत्तर गोठ्यात मिळणार नव्हतं. शनिवारी सकाळी दस्तुरीला जाऊन टपरीवर बसले. कोणाला काही न सांगता. दोन तासांत चाळीसएक घोडे समोरून गेले असतील.

माथेरानचा घोडा स्वार चालवत नाही, हे मला माहीत होतं, पण त्याचा अर्थ कळला नव्हता. घोडेवाला डाव्या बाजूने चालतो. त्याच्या हातातली दोरी कांबेच्या डाव्या कडीला बांधलेली असते. वर बसलेल्या पर्यटकाच्या हातात लगामाच्या दोऱ्या दिलेल्या असतात, तो आयुष्यात पहिल्यांदा घोड्यावर बसलेला असतो, आणि त्याला वाटतं की या दोऱ्या धरून बसायच्या. चढावर तो पुढे झुकतो तेव्हा ठीक. उतारावर, किंवा पेव्हर ब्लॉकवर घोड्याचा पाय जरा सरकला की, तो घाबरून मागे रेलतो आणि सगळं वजन दोऱ्यांवर टाकतो. त्याच क्षणी घोडेवाला सावरायला म्हणून दोरी डावीकडे खाली ओढतो.

एका तोंडाला दोन माणसं लटकलेली असतात. एकाला घोडा कळत नाही आणि दुसऱ्याला त्या क्षणी पर्याय नसतो.

डाव्या कडीला खाली ओढलं की काय होतं ते मग कागदावर काढून पाहिलं. कांब तोंडातून डावीकडे सरकते. डावी गालपट्टी ताणते. डोक्यावरचा पट्टा तिच्या मागोमाग डावीकडे घसरतो आणि उजवी गालपट्टी वर चढते. तिच्यासोबत गाठ वर चढते, आणि कपाळपट्टीचा उजवा सांधाही. दोन्ही जाऊन रुततात उजव्या कानाच्या बुडात. डाव्या ओठाची चीर आणि उजव्या कानामागची खपली ही एकाच दोरीची दोन टोकं होती.

संध्याकाळी मामांना हे सांगितलं तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माझ्या बापानेपण डावीकडनंच ओढलं." मी म्हटलं, ओढा की, डावीकडनंच ओढा. फक्त तोंडाला बांधून नको.

बाहेर काय चाललंय

लगाम आरामशीर व्हावा म्हणून गेल्या दहा-पंधरा वर्षांत जगात बरंच काम झालं आहे, ते बहुतेक स्पर्धेच्या घोड्यांवर. २०१५ साली ब्रिटनमधल्या संशोधकांनी लगामाखाली दाब मोजणाऱ्या पातळ चकत्या ठेवून पाहिलं. डोक्यावरच्या पट्ट्याचा सर्वांत जास्त दाब माथ्याच्या मधोमध नसून कानाच्या खाली, कपाळपट्टी जिथे जोडली जाते त्या जागेजवळ पडतो, असं त्यांना दिसलं. त्या जागा टाळून बेतलेला लगाम घातल्यावर तेच घोडे दुडकी चालताना पुढचे गुडघे आणि मागचे सांधे जास्त वाकवू लागले. डोक्यावरच्या पट्ट्याचा पायांशी संबंध काय, असं वाटेल. ज्याने दिवसभर घट्ट हेल्मेट घालून दुचाकी चालवली आहे त्याला वाटणार नाही.

दुसरा मोठा विषय नाकपट्टीचा. जुना नियम असा की नाकाच्या हाडावर पट्टीखाली दोन बोटं जायला हवीत. २०१७ साली छापलेल्या एका पाहणीत आयर्लंड, इंग्लंड आणि बेल्जियममधल्या ७५० स्पर्धक घोड्यांच्या नाकपट्ट्या तपासल्या, तर ४४ टक्के घोड्यांच्या पट्टीखाली काहीच शिरत नव्हतं, आणि दोन बोटांची जागा होती फक्त ७ टक्क्यांच्या. आता आंतरराष्ट्रीय स्पर्धांमध्ये २०२५च्या मे महिन्यापासून नाकपट्टी ठरलेल्या मापकाने तपासतात.

त्यांचा प्रश्न आणि आमचा प्रश्न सारखा नाही. तिथे स्वार कसलेला आणि पट्ट्या गरजेपेक्षा आवळलेल्या. इथे पट्ट्या सैल, स्वार नवखा आणि ओढ एकतर्फी. त्यामुळे तिकडचा महागडा लगाम आणून सुलतानच्या डोक्यावर चढवला असता तरी, डाव्या कडीला दोरी बांधली की तोही डावीकडेच घसरला असता. गंमत अशी की तिकडच्या दुकानांतले पुष्कळ लगाम आपल्या कानपुरातच शिवले जातात. कानपूरच्या खोगीरकामाला भौगोलिक मानांकनही आहे. कारागीर देशात आहेत, पण त्यांचा चांगला माल दस्तुरीपर्यंत पोहोचत नाही.

गादी लावायचा फसलेला प्रयोग

पहिला सोपा उपाय म्हणून मी पट्ट्याखाली नमदा शिवून घेतला. जाड, लोकरीचा, मऊ. हाताला इतका छान लागायचा की मलाच बरं वाटलं.

तीन दिवसांत खपली ओली झाली. पट्ट्याची लांबी तीच आणि आत अर्धा इंच भर पडलेली, म्हणजे लगाम तेवढा आवळला गेला. घट्ट बुटात जाड मोजे घालण्याची गोष्ट. वर घाम आणि माथेरानची तांबडी धूळ नमद्यात मुरून त्याचा पॉलिश पेपर झाला. ज्याला आपण मऊ म्हणतो ते कोरडं असताना आणि बोटाने दाबताना मऊ असतं. तो नमदा मी काढून टाकला, आणि पुढे महिनाभर मामा मला 'गादीवाल्या मॅडम' म्हणत होते.

तेव्हा ठरवलं, आधी मोजायचं.

दाब मोजायच्या चकत्या माझ्याकडे कुठून असणार. त्याऐवजी मामींकडून कणीक मागितली. चपातीची, जरा घट्ट मळलेली. ती पॉलिथिनच्या पिशवीत सारख्या जाडीची लाटून पट्ट्याखाली बसवली आणि सुलतानला दहा मिनिटं त्याच रस्त्यावर, तशाच डाव्या ओढीने फिरवला. परत आल्यावर पिशवी काढून उजेडात धरली. जिथे दाब जास्त तिथे कणीक पातळ. उजव्या कानाखाली ती इतकी पातळ झाली होती की पलीकडचं दिसत होतं. गाठ सोडून, कपाळपट्टी काढून तोच प्रयोग पुन्हा केला तर पातळपणा पसरला, पण डावीकडे घसरण तशीच. मग दोरी कांबेऐवजी मोरकीच्या, म्हणजे कांब नसलेल्या साजाच्या, कडीला बांधून पुन्हा. या वेळी कणीक जवळजवळ सारखी राहिली. वापरलेली कणीक सुलतानने खाल्ली, पिशवीसकट खाण्याच्या बेतात होता.

ही पद्धत आकडे देत नाही. पण 'इथे जास्त, तिथे कमी' एवढं सांगते, आणि मामांना ते आकड्यांपेक्षा लवकर पटलं. ते स्वतः पिशवी उजेडात धरून पाहत होते.

दोन कामं, दोन वस्तू

आता आराखडा सोपा झाला. एकाच लगामावर दोन कामं लादलेली होती. घोड्याला ओढून नेणं हे एक, आणि स्वाराला धरायला काहीतरी देणं हे दुसरं. दोन्ही कामं तोंडावरून काढायची होती.

नेण्यासाठी मोरकी. गोठ्यात बांधायला वापरतात तो हा साज, प्रत्येक घोडेवाल्याकडे असतोच. फरक इतकाच की ती कामाच्या वेळी लगामाखाली कायम ठेवायची आणि हातातली दोरी तिच्या नाकपट्टीच्या डाव्या कडीला लावायची. धरण्यासाठी खोगिराच्या पुढच्या बाजूला एक जाड चामडी मूठ. ती धरली की मागे रेलणाऱ्याचं वजन खोगिरावर जातं. पर्यटकाला 'लगाम हातात' असल्याचा आनंद हवाच असतो, फोटोसाठी तर हमखास, म्हणून दोन दोऱ्या दिल्या, पण त्या मोरकीच्या दोन्ही बाजूच्या कड्यांना. कांब फक्त मामा स्वतः स्वार होतील तेव्हा.

"आणि थांबला नाही तर?" मामांनी विचारलं. प्रश्न रास्त होता, आणि त्याचं उत्तर मी बसल्या जागेवरून देणार नव्हते. चार दिवस पहाटे, रस्ते रिकामे असताना, सुलतानला मोरकीवर चालवलं, थांबवलं, उतरवलं. एकदा ई-रिक्षा मागून आली तेव्हा तो बुजला आणि दोन पावलं आडवा गेला. मामांनी तोंडाने 'हो, हो' केलं आणि तो थांबला. सगळी पाच वर्षं तो याच आवाजाला थांबत होता, लोखंड फुकट तोंडात होतं. सगळे घोडे असे नसतात. मामांच्याच दुसऱ्या, तरुण घोडीवर मी हा प्रयोग केला नाही.

नवा डोक्यावरचा पट्टा नेरळच्या चर्मकार काकांनी केला. चपला, पिशव्या, बैलांचे पट्टे हा त्यांचा धंदा, घोड्याचं काम पहिल्यांदाच. मी विजेची जाड तांब्याची तार सुलतानच्या कानामागून वाकवून आणली होती, तो डोक्याचा आकार कागदावर उतरवला आणि काकांनी त्यावरून साचा कापला. पट्टा माथ्यावर चार-साडेचार सेंटीमीटर रुंद ठेवला, म्हणजे भार पसरेल. पण कानांपाशी दोन्ही बाजूंनी चंद्रकोरीसारखा कापून मागे घेतला. मधोमध, जिथे मानेची ती दोरी कवटीला मिळते, तिथे खालून उथळ खाच. काकांनी एक गोष्ट माझ्या डोक्यात नसताना केली. कडा रापीने तासून पातळ केल्या आणि बाहेरच्या बाजूला वळवून शिवल्या. "चप्पल अंगठ्यात लागते ती कडेनं लागते, मधे नाही लागत," एवढंच ते म्हणाले.

कपाळपट्टीवर मात्र भांडण झालं. मी ती काढूनच टाका म्हणत होते. मामा ऐकेनात. गोंडे नसलेल्या घोड्याकडे पार्टी येत नाही, पोरं सजलेला घोडा मागतात, आणि या बाबतीत त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं हे उघड आहे. तोडगा काकांनीच काढला. नवी साधी पट्टी, आधीच्यापेक्षा आठ सेंटीमीटर लांब, कपाळावर दोन बोटं सहज फिरतील अशी. सारंगखेड्याचे गोंडे आणि आरसे सोडवून तिच्यावर टाकले. पितळी चांद वजनदार होता, तो खोगिरावर गेला.

नाकाने काढलेली खोड

कांब काढली की घोडा सुखी झाला, असं मानणाऱ्यांचा एक पंथ आहे. मी त्यात नाही. कांब गेली की तिचा भार नाकावर येतो, आणि नाकही काही लाकडाचं नसतं. नाकाची हाडं पुढे पुढे पातळ होत जातात आणि शेवटी नुसती कूर्चा उरते. गालाच्या हाडाच्या पुढच्या टोकाजवळ एका छिद्रातून चेहऱ्याची मोठी संवेदी नस बाहेर येते. शिवाय घोडा तोंडाने श्वास घेऊ शकत नाही, त्यामुळे पट्टी फार खाली बांधली तर ती सरळ श्वासावर येते. म्हणून पट्टी गालाच्या हाडाच्या टोकाखाली दोन बोटांवर, तीन सेंटीमीटर रुंद, आणि आत दोन बोटं जातील इतकी सैल ठेवली.

आठवड्याने पाहिलं तर नाकावर काही नव्हतं, पण उजव्या डोळ्याखाली केस घासलेले. तीच जुनी डावी ओढ, आता मोरकी फिरवत होती. दोरी ताणली की मोरकीची उजवी गालपट्टी वर चढून डोळ्याच्या कोपऱ्याला टेकायची. तोंड वाचवून मी डोळ्यावर नेलं होतं. उपाय जुनाच निघाला. जबड्याच्या गोलाईमागून, गळ्याच्या वरच्या बाजूला एक आडवा पट्टा. तो जबड्याला मागून धरतो आणि मोरकी फिरू देत नाही. जुन्या, नीट शिवलेल्या मोरक्यांना तो असतो. स्वस्तातल्या नायलॉनच्या मोरक्यांमध्ये कापड वाचवायला तो गाळतात.

कातडं की नायलॉन

काकांनी काम बाभळीच्या सालीने कमावलेल्या म्हशीच्या कातड्यात केलं, कोल्हापुरी चपलेच्या तळव्याला असतं तसल्या. मजुरीसह सतराशे रुपये झाले. नायलॉनचा संपूर्ण लगाम याच्या चौथाईत येतो, आणि मामांनी ते मला तीनदा सांगितलं.

त्यांचा आक्षेप फक्त पैशांचा नव्हता. माथेरानचा पाऊस आणि घोड्याचा घाम दोन्ही कातड्याचे वैरी. खारट घामाने ते कडक होतं, मग कडेला चिरतं, आणि चिरलेलं कातडं नायलॉनपेक्षा वाईट. रोज ओल्या फडक्याने पुसणं आणि आठवड्याला तेल लावणं, हे हंगामात दहा-दहा फेऱ्या मारणाऱ्या माणसाला कोण सांगणार? मामांनी खोबरेल लावलं आणि सढळ हाताने लावलं. पट्टा मऊ झाला, जरा जास्तच, लांबलाही, आणि तिसऱ्या आठवड्यात गोठ्यातल्या उंदरांनी एक टोक खाल्लं. शेवटी गालपट्ट्या नायलॉनच्याच ठेवल्या, बक्कल लावून, म्हणजे गाठ मारायची पाळी येणार नाही. कातडं फक्त माथ्यावर आणि नाकावर. हे आम्ही पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.

सहा आठवड्यांनी

खपली गेली, कातडी बरी झाली. तिथे आलेले केस पांढरे आहेत. दाबाने केसांच्या मुळातला रंग मरतो, तो परत येत नाही. कुमैत घोड्याच्या कानामागे आता एक पांढरा टिकला आहे.

लगाम घालताना सुलतान मान खाली ठेवतो. पहिले दहाबारा दिवस ठेवत नव्हता, दुखणं गेलं होतं तरी आठवण गेली नव्हती. मामींनी रोज सकाळी कानामागे नुसता हात फिरवून गूळ दिला, तो भाग माझ्या औषधपाण्यात नव्हता. ओठाची चीर पुन्हा उघडलेली नाही. मान झटकणं बरंच कमी झालं, पूर्ण थांबलेलं नाही. भर दुपारी, धूळ आणि माश्या असताना तो अजून झटकतो. ते लगामाचं असेल असं मला वाटत नाही, पण उन्हाळा पाहिल्याशिवाय सांगणार नाही.

नाताळच्या गर्दीत मामांनी तीन दिवस कांब पुन्हा घातली. एका पार्टीला घोडा पळवायचा होता आणि ते दुप्पट पैसे देत होते. मला हे मामींनी सांगितलं. मामांना विचारलं तर त्यांनी चहा मागवला.

बाकीच्या घोडेवाल्यांपैकी दोघांनी काकांकडून तसाच पट्टा करून घेतला. एकाचा मी परवा दस्तुरीवर पाहिला. कानांपाशी चंद्रकोर बरोबर, कडा बाहेर वळवलेल्या, शिवण सुबक. त्यावर जुनी आखूड कपाळपट्टी चढवलेली, पट्टा खेचून थेट कानांना भिडलेला, आणि दोरी कांबेच्या डाव्या कडीला. त्याला बाजूला घेऊन बोलायला गेले, तर त्याची पार्टी आली. म्हणाला, "मॅडम, परत येतो तेव्हा बघू," आणि चढाला लागला.